थांबा, मारा, निघा

तोफखान्यात नोकरी केलेल्या माणसाला गावाकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मारा किती?" अडतीस किलोमीटर म्हटलं की समोरचा लगेच हिशेब मांडतो, म्हणजे साताऱ्यातून गोळा सोडला तर वाईच्याही पुढे. माना डोलतात, चहा येतो आणि तोफ समजली असं सगळ्यांना वाटतं. मला मात्र नोकरीत मारा कधी मोजावा लागला नाही. मी तोफची नव्हतो. इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्सचा, म्हणजे ई.एम.ई.चा माणूस. ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, तोही चिलखती गाड्यांचा. सिकंदराबादला शिकलो आणि बहुतेक नोकरी तोफखान्याच्या रेजिमेंटांना जोडलेल्या छोट्या दुरुस्ती तुकड्यांत, एल.ए.डी.त काढली. जिचं इंजिन तिच्याच पोटात असतं आणि जिला ओढायला ट्रक लागत नाही, अशी एस.पी. तोफ मी बघितली ती मुख्यतः खालून, पाठीवर पडून, तोंडावर ग्रीस सांडत असताना. खालून बघणाऱ्याला किलोमीटरपेक्षा मिनिटं जास्त कळतात.

मिनिटं कशाची, ते आधी सांगतो. लांब पल्ल्याचा गोळा हवेत मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ असतो. तेवढ्यात समोरच्याचं रडार त्याची वाट टिपतं, तो कुठून निघाला याचं गणित करतं आणि तो आकडा त्याच्या तोफांना देतं. आपला गोळा पडेपर्यंत समोरून उत्तराची तयारी झालेली असते. म्हणून तोफ जिथून मारते तिथे ती पुढच्या काही मिनिटांत नसलेली बरी. ओढून न्यायच्या तोफेला हे जड जातं. ट्रकपासून सोडवा, पाय फाका, जमिनीत रोवा, नळी फिरवा, मारा. मग हेच सगळं उलट्या क्रमाने करा. बोफोर्सला स्वतःचं एक छोटं इंजिन आहे, त्यावर ती थोडं अंतर सरकते, पण मुक्काम हलवायचा तर ट्रक लागतोच. कारगिलमध्ये १९९९ साली त्याच तोफांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या कर्तबगारीला मी हात जोडतो. पण सपाट वाळवंटात, रणगाड्यांच्या मागोमाग धावायचं असेल तेव्हा पाय फाकवत बसायला सवड नसते. तिथे एस.पी. लागते.

माझे हात पहिल्यांदा काळे झाले ते कॅटॅपल्टवर. ही आपल्याकडे जुळवलेली जोडी. विजयंता रणगाड्याचा सांगाडा लांबवला, टरेट काढून टाकलं आणि मधोमध रशियन बनावटीची १३० मिलिमीटरची एम-४६ तोफ बसवली. तोफ उत्तम. सत्तावीस किलोमीटरच्या आसपास मारा, सरळ आणि भरवशाचा. त्या काळी हातात जे होतं त्यातून कुणीतरी डोकं लावून हे यंत्र उभं केलं होतं आणि त्याने बरीच वर्षं काम दिलं. पण दोन वेगवेगळ्या कामांसाठी जन्मलेली यंत्रं एकत्र आणली की त्यांचे जुने स्वभाव जात नाहीत. एम-४६ मुळात जमिनीवर पाय रोवून मारायची तोफ. विजयंता मुळात बंद टरेटचा रणगाडा. जोडी जमल्यावर तोफेचं माणूसबळ उघड्यावर आलं. डोक्यावर पातळ छप्पर, बाजू मोकळ्या. वाळवंटातला वारा सुटला की वाळू सरळ नळीच्या बुडापर्यंत.

त्याहून मोठी अडचण वळण्याची. नळी डावी-उजवीकडे थोड्याच अंशांत फिरायची. लक्ष्य त्या पट्ट्याबाहेर गेलं की सगळी गाडी जागच्या जागी वळवायची. म्हणजे नेम धरण्याच्या कामात ड्रायव्हर आणि दोन्ही ट्रॅक सामील. बिकानेरजवळच्या महाजन रेंजवर मऊ वाळूत अशी गाडी गर्रकन वळवली की वाळू ट्रॅक आणि स्प्रॉकेटच्या मध्ये चढते, ट्रॅक ताणतो, आणि ताण जरा बिघडलेला असेल तर दातांवरून उतरतो. मग तोफखाना थांबतो आणि आमचं काम सुरू होतं. फावड्याने वाळू उपसा, ट्रॅक तोडा, पिन काढायला घण उचला, तारेने ट्रॅक ओढून परत चाकांवर आणा, पिन ठोका, ताण द्या. उन्हात तापलेली कडी हातमोज्यातूनही चटका देते. बाजूला तोफेचा नंबर वन, म्हणजे तोफेवरचा म्होरक्या, घड्याळ बघत उभा. तो काही बोलत नाही, पण त्याच्या घड्याळाचा आवाज घणापेक्षा मोठा वाटतो.

इंजिनाचाही स्वभाव होता. विजयंताचं इंजिन टू-स्ट्रोक, सहा सिलिंडर आणि बारा पिस्टन. एका सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर येतात आणि मधे स्फोट होतो. कल्पना हुशारीची, पण उष्णता फार, गळती फार, आणि उघडायला बसलो तर दिवस जायचा. त्या इंजिनाने आमच्या पिढीला मेकॅनिक केलं, हेही खरं. आवाज ऐकून कुठला सिलिंडर नाराज आहे ते सांगणारे लोक आमच्यात होते.

आमचे एक उस्ताद होते, हरियाणाचे. गाड्यांचा ताफा थांबला की ते पाणी प्यायच्या आधी गाडीच्या एका बाजूने चालत जायचे आणि प्रत्येक रोड व्हीलच्या हबवर तळहात ठेवायचे. मग दुसऱ्या बाजूने परत यायचे. मला सांगायचे, "बेटा, जो हब बाकी सब से गरम है, वो शाम तक तुझे रुलाएगा." सगळे हब कोमट असतात, एखादा हात ठेवू देत नाही इतका तापलेला असतो. त्याचं बेअरिंग चाललंय. आत्ता सावलीत तासाभरात बदललं तर ठीक, नाहीतर रात्री चाक अडकेल आणि गाडी नको तिथे उभी राहील. त्यांच्या हाताखाली मी हे शिकलो आणि पुढे स्क्रीनवाल्या गाड्या आल्यावरही सोडलं नाही.

मग वज्र आली. के-९ वज्र-टी. मूळ यंत्र दक्षिण कोरियाचं. तिथे १९८९ मध्ये या तोफेचं काम सुरू झालं आणि १९९९ मध्ये ती त्यांच्या सैन्यात दाखल झाली. आपल्याकडे थरमध्ये चाचण्या झाल्या, २०१७ मध्ये शंभर तोफांचा करार झाला, आणि लार्सन अँड टुब्रोने त्या इथे उभ्या केल्या. पहिल्या दहा तोफांचे जुळवायचे भाग कोरियातून आले आणि जोडणी आपल्या तळेगावला झाली. बाकीच्या नव्वद गुजरातेत हजीऱ्याच्या कारखान्यात. ९ नोव्हेंबर २०१८ ला देवळालीत पहिल्या तोफा समारंभपूर्वक तोफखान्याला दिल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये शंभरावी तोफ बाहेर पडली. पुणे-मुंबई रस्त्याने जाताना तळेगाव लागलं की आजही माझी मान त्या बाजूला वळते.

वज्रच्या पोटात पहिल्यांदा डोकावलो तेव्हा लक्षात आलं की हिच्यात तोफ आणि गाडी यांची ओळख कागदावर रेघ ओढतानाच झाली आहे. इंजिन पुढे, उजव्या अंगाला. ड्रायव्हर पुढे, डाव्या अंगाला. टरेट मागे. रणगाड्यात बहुधा उलटं असतं, इंजिन मागे. इथे इंजिन पुढे घेतल्यामुळे मागची सगळी जागा तोफेला मिळते, आणि मागे दार ठेवता येतं. त्या दारातून माणसं आत जातात, त्यातूनच गोळे आत घेता येतात, आणि वाईट दिवशी त्यातूनच बाहेरही पडता येतं. टरेट पूर्ण गोल फिरतं, तेव्हा लक्ष्य बदललं म्हणून ट्रॅकला वाळूत वळावं लागत नाही. कॅटॅपल्टवर आम्ही जे घण मारले, त्यातले निम्मे या एका गोष्टीने वाचले.

नळी १५५ मिलिमीटरची, लांबी त्याच्या बावन्न पट, म्हणजे आठ मीटर. सत्तर अंशांपर्यंत वर जाते. नळीचं तोंड वर गेलं की तिचं बूड, म्हणजे ब्रीच, खाली टरेटच्या तळाकडे जातं आणि गोळा सुटला की तिथूनच मागे झेपावतं. एवढं जड लोखंड झेपावेल तितकी रिकामी जागा खाली राखायची आणि त्याच टरेटमध्ये माणसं, गोळे आणि यंत्रंही बसवायची. त्यामुळे टरेट उंच होतं. दुरून वज्र रणगाड्यापेक्षा मोठी दिसते ती म्हणून. चिलखत मात्र रणगाड्याइतकं नाही. सगळ्यात जाड पोलाद एकोणीस मिलिमीटर. जड मशीनगनच्या गोळ्या आणि जवळ फुटणाऱ्या तोफगोळ्याच्या कपच्या अडवायला ते पुरतं. रणगाड्यासमोर उभं राहणं हे तिचं काम नव्हे. तरीही वजन सत्तेचाळीस टन. एक हजार अश्वशक्तीचं आठ सिलिंडरचं जर्मन घराण्याचं डिझेल इंजिन तिला रस्त्यावर ताशी सदुसष्ट किलोमीटरपर्यंत पळवतं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र, एकाच पॅकमध्ये. जोडण्या सोडवा, क्रेन लावा आणि अख्खा पॅक उचला. विजयंताच्या जमान्यातल्या मेकॅनिकला हे बघून थोडं चुकल्यासारखंही होतं. जिथे आम्ही दिवस घालवायचो, तिथे नवी पोरं दुपारच्या जेवणाआधी हात धुऊन मोकळी.

आता धक्क्याबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण एस.पी. तोफेची सगळी कारागिरी तिथे आहे. गोळा साधारण पंचेचाळीस किलोचा. गाडी सत्तेचाळीस टनांची. म्हणजे ढोबळमानाने गोळ्याच्या हजारपट वजन. पूर्ण बारूद लावला की गोळा सेकंदाला नऊशे मीटरच्या वर वेग घेतो. शाळेतला नियम लावला तर गाडीने त्याच्या हजाराव्या भागाने मागे सरकायला हवं, सेकंदाला सुमारे एक मीटर. बारुदाच्या वायूचा धक्का धरला तर त्याहून जास्त. माणसाच्या चालण्याचा हा वेग, पण तो सत्तेचाळीस टनांना, एका झटक्यात, आणि सारा भार नळीच्या दोन कानांवर. हा धक्का तसाच गाडीत उतरू दिला तर वेल्ड फाटतील. म्हणून नळी आधी स्वतः मागे येते. आपण जोरात आलेला चेंडू झेलताना हात मागे नेतो, तसंच. धक्का तेवढाच, पण तो लांब अंतरावर पसरतो आणि हाताला लागत नाही. नळी मागे येताना तेल बारीक वाटांतून दाबून जातं आणि जोर खातं. दाबलेला नायट्रोजन नळीला परत जागेवर ढकलतो. नळीच्या तोंडाला लावलेला मझल ब्रेक वायू बाजूला आणि मागे वळवून धक्क्याचा आणखी एक वाटा कमी करतो. जे उरतं ते टरेटच्या कड्यातून सांगाड्यात, सांगाड्यातून बारा रोड व्हीलच्या सस्पेन्शनमध्ये आणि तिथून जमिनीत.

इथे वज्रचं सस्पेन्शन वेगळं आहे. विजयंताच्या सांगाड्यात पोलादी टॉर्शन बार होते. पीळ खाऊन धक्का सोसणारे. वज्रच्या प्रत्येक चाकाशी तेल आणि नायट्रोजनचं युनिट आहे. खडबडीत जमिनीवर ते माणसांचे मणके वाचवतं, आणि गोळा सुटल्यावर गाडी किती डुलेल व किती लवकर स्थिर होईल हेही तेच ठरवतं. त्यामुळे हिला मागे जमिनीत फाळ रोवायची गरज पडत नाही. थांबली की मारायला तयार. थांबलेल्या अवस्थेतून तीस सेकंदांत पहिला गोळा, आणि धावत असेल तर थांबून साठ सेकंदांत. पंधरा सेकंदांत तीन गोळे. तीन मिनिटं लागोपाठ मिनिटाला सहा. त्यापुढे दम धरून मिनिटाला दोन. गोळा यंत्र उचलून नळीत ढकलतं, बारूद माणूस हाताने ठेवतो. पाच माणसांत तोफ चालते.

यातला तीन गोळ्यांचा हिशेब मला फार आवडतो. पहिला गोळा जास्त उंच कोनात सोडायचा, तो आकाशात वेळ काढतो. दुसरा थोड्या खालच्या कोनात, वेगळा बारूद लावून. तिसरा त्याहून खाली. तिन्ही एकाच जागी जवळजवळ एकाच वेळी पडतात. ज्याच्यावर पडतात त्याला वाटतं तीन तोफा आहेत. हे करायला संगणक लागतो, नळीच्या वरचं वेग मोजणारं रडार लागतं. आणि आमच्या बाजूने लागते ती एक गोष्ट, दोन गोळ्यांच्या मध्ये गाडी डुलायची थांबली पाहिजे.

एकदा नेमकं तेच बिघडलं. राजस्थानातच, सरावाच्या गोळाबारीच्या आदल्या संध्याकाळी. एक तोफ कोरडी कवायत करत होती, गोळा न भरता. नंबर वन मराठा पोरगा, सांगली बाजूचा. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, स्क्रीनवर काही लाल नाही. पण गाडी नीट बसत नाहीये." मी म्हटलं, "बसत नाही म्हणजे?" तो म्हणाला, "थांबल्यावर एक हेलकावा जास्त खाते." हे वाक्य कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. पण रोज त्याच लोखंडात बसणाऱ्या माणसाच्या पाठीला एक हेलकावा जास्त कळतो.

मी गाडी सपाट जागेवर घ्यायला लावली आणि लांब जाऊन उकिडवा बसलो. डोळे ट्रॅकच्या पातळीला आणले की गाडी कशी उभी आहे ते दिसतं. उजवीकडचा मागचा कोपरा दोन बोटं खाली होता. चाकापाशी गेलो. तिथल्या आर्मवर धूळ बसलेली, सगळीकडे कोरडी, एकाच जागी ओलसर आणि काळपट. बोटाने पुसली, वास घेतला. तेल. सीलमधून किंचित झिरपत होतं, थेंब पडण्याइतकंही नाही, आणि त्यापाठोपाठ दाब उतरला होता. स्क्रीन गप्प होती, कारण गाडीचा कल संगणकाला कळतो आणि ठरावीक मर्यादेपर्यंत तो नेमात तेवढी दुरुस्ती करून घेतो. पहिला गोळा बरोबर जागी गेला असता. पण धक्क्यानंतर तो कोपरा उशिरा सावरला असता, दुसऱ्याला वाट बघावी लागली असती, तिसऱ्याला त्याहून जास्त. पंधरा सेकंदांचे वीस-पंचवीस झाले असते आणि कुणाला कळलंही नसतं की का.

रात्री बॅटरीच्या उजेडात युनिट बदललं. ट्रॅक ढिला करा, चाक उतरवा, जड युनिट पट्ट्याने टांगून धरा, नवीन बसवा, नायट्रोजनचा दाब तपासा, ट्रॅक पुन्हा ताणा. सील वाळूने खाल्लं होतं. वाळवंटात वाळू शेवटी सगळं खाते, त्यात कुणाला बोल लावण्यासारखं काही नाही. सकाळी त्या तोफेने तीन गोळे ठरल्या वेळात टाकले आणि धूळ खाली बसायच्या आत ती जागेवरून निघाली. गोळा कुठे पडला ते मी बघितलं नाही. मी बघत होतो उजवीकडचा मागचा कोपरा.

तेव्हापासून मला वाटतं की आकड्यांच्या तक्त्यात एक अट लिहायची राहून जाते. तीस सेकंद, पंधरा सेकंद, मिनिटाला सहा, हे सगळे आकडे खरे आहेत, पण निरोगी तोफेचे. याचं मोठं उदाहरण कोरियातच घडलं. २३ नोव्हेंबर २०१० ला उत्तर कोरियाने यॉनप्याँग बेटावर अचानक तोफा डागल्या. बेटावर दक्षिण कोरियाच्या मरीन सैनिकांच्या सहा के-९ होत्या, हीच जात. त्यांनी साधारण तेरा मिनिटांनी उत्तर दिलं आणि एकूण ऐंशी गोळे टाकले. पण सुरुवातीला सहापैकी निम्म्याच तोफा मारू शकल्या. त्या दिवशी बेटावर दोन मरीन आणि दोन नागरिक गेले. भडिमाराखाली, आगीत, ज्या माणसांनी तोफा चालवल्या त्यांच्या धैर्याबद्दल दुमत नसावं. मेकॅनिक म्हणून मी त्यातून एवढंच घेतो की तीस सेकंदांचं यंत्रसुद्धा प्रत्यक्षात मिनिटं घेतं, आणि सहा तोफा मोजायच्या तर युद्धाच्या पहिल्या क्षणी किती चालतील ते मोजावं.

दुसरी अट पोटाची. वज्रच्या पोटात अठ्ठेचाळीस गोळे मावतात. जास्तीत जास्त गतीने तीन मिनिटं मारलं की अठरा संपले. मग पुन्हा भरणं आलं. कोरियाने यासाठी के-१० नावाची वेगळी चिलखती गाडी केली आहे. तीत एकशे चार गोळे असतात आणि ते पट्ट्यावरून सरळ तोफेच्या पोटात सरकतात, माणूस बाहेर न येता. ज्यांच्याकडे अशी गाडी नाही त्यांच्याकडे ट्रक आणि माणसांचे खांदे. पंचेचाळीस किलोचा एक, असे वीस-पंचवीस गोळे वाळूत उतरून चढवून बघावेत, म्हणजे तोफेची क्षमता खांद्यात भरून येते. शिवाय ट्रॅकच्या गाडीला लांबचा रस्ता मानवत नाही. रबराचे पॅड झिजतात, डांबर उखडतं, इंजिनाचे तास फुकट जातात. त्यामुळे लांब न्यायचं तर ट्रेलर नाहीतर रेल्वेचा सपाट वॅगन. वॅगनवर चढवताना दोन्ही बाजूंना हातभरही जागा उरत नाही. ड्रायव्हरला पुढचं दिसतं, बाजूचं नाही. समोर उभा राहून हाताने खुणा करणारा जो असतो, त्याच्या दोन हातांवर सत्तेचाळीस टन विश्वास ठेवून चढतात. तो माणूस पुष्कळदा मी असायचो, आणि तेवढी पाच मिनिटं मला कुणी हाक मारलेली चालत नसे.

२०२१ मध्ये वज्र लडाखला गेली. वाळवंटासाठी घेतलेली तोफ पूर्व लडाखच्या उंचीवर. तोवर माझे नोकरीतले शेवटचे दिवस आले होते. मी गेलो नाही, माझ्या हाताखाली शिकलेली दोन-तीन पोरं गेली. त्यांच्याशी बोलताना वाळवंटातला सगळा धडा उलटा वाचावा लागला. साडेचार हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. टर्बो असला तरी इंजिनाला श्वास कमी पडतो. बॅटरी थंडीत मान टाकते, तेल घट्ट होतं, रबराचं सील कडक होतं आणि कडक सील गळतं. नायट्रोजनचंही तसंच. राजस्थानात पंचेचाळीस अंशांना जो दाब भरला, तोच वायू उणे वीसला गेला की दाब जवळपास पाचव्या हिश्शाने उतरतो, एक थेंबही न गळता. तिथे पोराने राजस्थानात भरलेला वायू तसाच सोडला तर गाडी बसलेलीच राहील. उलट विरळ हवेत गोळ्याला अडथळा कमी, तो लांब जातो. तोफच्यांना कोष्टकं नव्याने धरावी लागतात. म्हणजे त्याच उंचीने तोफेचा हात लांब केला आणि पाय जड केले. हात लांब झाल्याचं पेपरात आलं. पायांसाठी तेल, बॅटऱ्या आणि सील बदलत बसलेल्या पोरांचं कुठे आलं नाही, आणि त्यांना त्याची अपेक्षाही नव्हती.

आता नव्या लढाया बघून बरेच जण म्हणतात, ट्रॅक कशाला, चाकांवरच्या तोफा घ्या. हलक्या, रस्त्यावर वेगवान, स्वस्त. त्यात तथ्य आहे. स्वीडनची आर्चर चाकांवरची आहे आणि माणूस बाहेर न येता मारते. रस्ते असतील तिथे चाक जिंकतं. महाजनच्या मऊ वाळूत किंवा लडाखच्या दगडगोट्यांत, रणगाड्यांच्या बरोबरीने जायचं असेल तर मी आजही ट्रॅकवर पैसे लावीन, त्याचा सगळा छळ सोसूनही. दोन्ही लागतील. युक्रेनच्या लढाईने एक गोष्ट मात्र आमच्या बाजूची सिद्ध केली. आकाशात ड्रोन घिरट्या घालत असताना तोफ जागेवर थांबण्याची मुदत आणखी आखडली आहे, आणि बंद पडलेली गाडी ओढून मागे नेईपर्यंत तिच्यावर कुणीतरी नजर ठेवून असतो. पूर्वी बिघाड म्हणजे उशीर होता. आता बिघाड म्हणजे तोफ आणि पाच माणसं. सुट्या भागांचा ट्रक, वर्कशॉपची क्रेन, उघडून ठेवलेला पॅक, या सगळ्या गोष्टीही वरून दिसतात. मेकॅनिकलाही आता थांबा, काम करा, निघा हाच नियम लागू झाला आहे, आणि त्याला चिलखत बहुधा नसतं.

डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आणखी वज्र तोफांचा करार केला, सात हजार सहाशे अठ्ठावीस कोटींच्या वर रकमेचा. बातमी आली त्या दिवशी गावातून, जुन्या युनिटमधून फोन आले. अभिमान मलाही आहे. तळेगाव-हजीऱ्याच्या कामगारांनी ठरल्या मुदतीत पहिल्या शंभर दिल्या, हे आपल्याकडे रोज घडत नाही. पण मी फोनवर प्रत्येकाला एकच हिशेब ऐकवला. शंभर तोफा म्हणजे बाराशे सस्पेन्शन युनिटं, शंभर पॅक, दोनशे ट्रॅक. त्यातलं काही ना काही रोज झिजणार. तेव्हा तोफांबरोबर किती सुटे पॅक येतात, सीलचा साठा कारखान्यात आहे की रेजिमेंटच्या स्टोअरमध्ये, आणि मेकॅनिक पोरं तोफ आल्यावर शिकणार की तोफ यायच्या आधी तोफच्यांच्या शेजारी बसून शिकलेली असणार, हे विचारा. "एक हेलकावा जास्त खाते" म्हणणारा नंबर वन आणि ते ऐकून उकिडवा बसणारा मेकॅनिक एकमेकांना ओळखत असले पाहिजेत. ती ओळख करारात घालता येत नाही, पण तिच्यासाठी महिने राखून ठेवता येतात. ते राखले असतील तर माऱ्याचा आकडा कोणीही सांगो, मी निर्धास्त आहे.